पार्किंगचा दंड वसूल करायला दंडापेक्षा जास्त खर्च होत असेल तर काय करावं?

ताळेबंद_वाचक:

नमस्कार मंडळी. शहरांची बजेटं वाचायची मला सवय आहे आणि एक गोष्ट सारखी खटकते म्हणून इथे विचारतोय, इथे या कामातली माणसं आहेत हे जुन्या चर्चांवरून दिसतं. पार्किंगचे नियम मोडणाऱ्यांना दंड करायचा म्हणजे गस्तीला माणसं ठेवायची, क्रेन ठेवायची, मशीनं, सॉफ्टवेअर, नोटिसांचं पोस्टेज, अपिलं बघायला वेगळा स्टाफ, आणि वर्ष संपताना कळतं की समजा १०० खर्च झाले आणि दंडातून ८० आले. मग सभेत तीन गट पडतात. पहिला म्हणतो चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, बंद करा हे खातं. दुसरा म्हणतो दंड दुप्पट करा म्हणजे ८० चे १६० होतील. तिसरा म्हणतो आपल्याला जमत नाही, कंत्राट काढा, कंत्राटदार बरोबर नफ्यात आणेल.

मला तिन्ही पटत नाहीत पण घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते मला बोट ठेवून सांगता येत नाहीये. आणि गंमत म्हणजे जिथे दंडातून पैसे उरतात तिथले लोक उलटं ओरडतात की हे सगळं तिजोरी भरायचं साधन झालंय, म्हणजे तोटा झाला तरी शिव्या, नफा झाला तरी शिव्या.

तर प्रश्न असा की खर्चाच्या बाजूला काय काय धरायचं, उत्पन्नाच्या बाजूला काय धरायचं, आणि या खात्याने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा ही अपेक्षा मुळात बरोबर आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावं, मोठं झालं तरी चालेल.


हिशेबनीस:

प्रश्न चांगला मांडलाय, पण तुमच्या उदाहरणात ८० आणि १०० हे दोन आकडे शेजारी ठेवलेत तिथेच गडबड सुरू होते. त्या ८० मध्ये मीटरचे, तिकीट मशीनचे, मासिक पासचे पैसे धरलेत का? बहुतेक बजेटांमध्ये ते वेगळ्या हेडखाली जातात, «शुल्क» म्हणून, आणि दंड «किरकोळ जमा» किंवा «दंड व शास्ती» मध्ये. गस्तीवाल्यांचा पगार मात्र तिसरीकडेच. म्हणजे ज्या माणसाच्या भीतीने लोक मीटरमध्ये पैसे टाकतात त्याचा खर्च एका पानावर आणि त्याच्यामुळे आलेलं उत्पन्न दुसऱ्या पानावर. गस्त बंद करून बघा, दंडाचे ८० तर जातीलच पण मीटरचे पैसे पण आटायला लागतील, कारण तपासणारच कोणी नाही म्हटल्यावर मशीनपर्यंत चालत जाणार कोण.

आता खर्च. लोकांना वाटतं तिकीट फाडलं की काम झालं. एका तिकिटाचा प्रवास बघा. गस्तीवाला नोंद करतो, फोटो काढतो, ते सर्व्हरवर जातं. गाडीवाल्याने लगेच भरले तर उत्तम, सगळ्यात स्वस्त तिकीट तेच. म्हणून तर इंग्लंडमध्ये १४ दिवसांत भरलं तर निम्मी रक्कम माफ करतात, ती मेहेरबानी नाही, पुढचा खर्च वाचवायची किंमत आहे ती. नाही भरले तर गाडी कोणाच्या नावावर आहे ते नोंदणी खात्याकडून काढायचं, त्याला बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात. मग नोटीस, मग स्मरणपत्र. गाडी विकलेली असते, पत्ता बदललेला असतो, गाडी भाड्याच्या कंपनीची असते, की पुन्हा नवीन माणसाच्या नावाने पहिल्यापासून सुरू. त्यात कोणी हरकत घेतली की एक शिकलेला माणूस बसून फोटो बघणार, उत्तर लिहिणार. तिथे नाकारलं तर न्यायाधिकरण. आणि सगळं करून शेवटी काही रक्कम बुडीत खात्यात लिहायचीच असते.

याचा अर्थ असा की सरासरी तिकिटाचा खर्च काढून काही कळत नाही. लगेच भरलेलं तिकीट नफ्यातलं असतं, अपिलापर्यंत गेलेलं बहुतेक वेळा तोट्यातलं, आणि तुमचं खातं नफ्यात की तोट्यात हे कुठल्या प्रकारची किती आहेत त्यावर ठरतं. ज्या शहरात बोर्ड नीट लावलेत, रेषा ठळक आहेत, ऑनलाइन भरायची सोय सरळ आहे तिथे पहिल्या प्रकारची जास्त. जिथे बोर्ड झाडामागे आहे तिथे दुसऱ्या प्रकारची जास्त. मला विचाराल तर या अख्ख्या विषयातला सगळ्यात परवडणारा खर्च रंगाचा डबा आणि ब्रश हाच, पण तो रस्ते खात्याच्या बजेटमध्ये असतो आणि पार्किंगवाले हात वर करतात!

अजून एक, «आकारलेला दंड» आणि «वसूल झालेला दंड» हे दोन आकडे सभेत सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. आकारलेला मोठा दिसतो म्हणून तो बातमीत जातो. तुम्ही नेहमी दुसरा मागा, आणि तोसुद्धा ज्या वर्षी तिकीट फाडलं त्या वर्षाच्या हिशेबाने मागा, नाहीतर तीन वर्षांपूर्वीची थकबाकी यावर्षी आली की यावर्षीचं खातं उगाच गुटगुटीत दिसतं.


गस्तवाला:

मी हे काम रस्त्यावर उभं राहून केलेलं आहे, शहर आणि खातं सांगत नाही. हिशेबनीस साहेबांनी कागदावरचं बरोबर लिहिलंय, मी फुटपाथवरचं सांगतो.

वेळेची मर्यादा असलेली जागा असेल तर एकदा बघून तिकीट देता येत नाही, दोनदा जावं लागतं. पहिल्या फेरीत गाडीचा नंबर घ्यायचा आणि चाकाच्या व्हॉल्व्हची जागा लिहायची, घड्याळाच्या काट्यासारखी, पुढचं चाक तीनवर, मागचं सातवर वगैरे. दुसऱ्या फेरीत दोन्ही व्हॉल्व्ह तिथेच असतील तर गाडी हललेली नाही हे सिद्ध होतं, कारण गाडी फिरवून आणली तर दोन्ही चाकं तंतोतंत त्याच जागी थांबणं जवळजवळ अशक्य असतं. मग नंबरप्लेटचा फोटो, काचेच्या आतल्या पासचा किंवा पास नसल्याचा फोटो, बोर्डाचा फोटो, गाडी आणि बोर्ड एकाच फ्रेममध्ये येईल असा एक फोटो, खालच्या रेषेचा फोटो. पावसात हे सगळं करताना बोटं मशीनच्या स्क्रीनवर घसरतात, मागे गाडीवाला येऊन उभा राहिलेला असतो आणि तुम्हाला आवाज न चढवता काम पूर्ण करायचं असतं. यातला एक फोटो राहिला की अपिलात तिकीट रद्द. म्हणजे माझा वेळ, ऑफिसचा वेळ, पोस्टेज, सगळं पाण्यात.

काही ठिकाणी टायरवर खडूची खूण करायची पद्धत आहे, ती याच्यापेक्षा स्वस्त, पण अमेरिकेत सॅगिनॉ नावाच्या शहराच्या केसमध्ये २०१९ ला तिथल्या सहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने खडूची खूण म्हणजे वॉरंटशिवाय झडती असं धरलं. पुढे २०२२ मध्ये दुसऱ्या एका सर्किटने, म्हणजे दुसऱ्या विभागाच्या अपील कोर्टाने, सॅन डिएगोच्या केसमध्ये खडूची खूण चालते असं उलटं सांगितलं. एका खडूच्या रेघेवर कोर्टाचे इतके कागद झाले, तो वकिलांचा खर्चही एन्फोर्समेंटचाच खर्च आहे, पण तो कुठल्या हेडखाली दिसतो सांगा बघू.

दुसरी गोष्ट टार्गेटची. वरून कितीही नाही म्हटलं तरी आकडे विचारले जातात. आणि आकडे विचारले की माणूस तिकडेच जातो जिथे सोपी तिकिटं मिळतात. शाळेसमोर, बसस्टॉपवर, चौकाच्या कोपऱ्यावर गाडी लावणारा माणूस बहुधा दोन मिनिटांसाठी येतो आणि मला बघून निघून जातो, तिथे तासभर उभं राहिलो तर रस्ता मोकळा राहतो पण माझ्या नावावर तिकिटं शून्य. उलट मीटर संपून पाच मिनिटं झालेल्या गाड्यांच्या रांगेत गेलो तर तासात ढीगभर. पहिलं काम शहराच्या जास्त उपयोगाचं आहे आणि रजिस्टरला मात्र मी रिकामटेकडा दिसतो. हे मला तेव्हाही लागायचं आणि आजही लागतं.

पॅरिसचं उदाहरण द्यायला हरकत नाही. २०१८ च्या जानेवारीपासून फ्रान्सने पार्किंगचा दंड फौजदारीतून काढून शहरांच्या हातात दिला, पॅरिसने तपासणी खाजगी कंपन्यांना दिली, आणि काही महिन्यांतच बातमी बाहेर आली की एका कंत्राटदाराची माणसं तपासणीचा आकडा भरायला न केलेल्या तपासण्या केल्या म्हणून नोंदवतायत. आकडा मागितला, आकडा मिळाला.


ताळेबंद_वाचक:

गस्तवाला दादा, हे फार कामाचं लिहिलंत, असं कुठे वाचायला मिळत नाही. पण मग माझी अडचण वाढली. तुमच्या चांगल्या कामाने तिकिटं शून्यावर येणार असतील तर पगार कशातून द्यायचा? म्हणजे खातं जितकं यशस्वी तितकं तोट्यात?


चौक_आणि_फुटपाथ:

हो, दंडाच्या बाजूने बघाल तर तसंच. आणि हे कोणीतरी लपवून ठेवलंय असं नाही. इंग्लंडमध्ये सरकारने स्थानिक कौन्सिलांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की पार्किंग एन्फोर्समेंटचं ध्येय शंभर टक्के पालन आणि शून्य दंड हे असावं, आणि महसुलाचं किंवा तिकिटांच्या संख्येचं टार्गेट ठेवू नये. मला ही भूमिका मनापासून पटते. दंड हे उत्पन्नाचं पीक नाहीच.

पण «तोट्यात» हा शब्द तेव्हाच लागू होतो जेव्हा तुम्ही फक्त दंड मोजता. सॅन फ्रान्सिस्कोचं बघा. तिथे २०११ पासून एसएफपार्क नावाचा प्रयोग झाला, रस्त्यात सेन्सर बसवले आणि ज्या गल्लीत जागा रिकाम्या राहतात तिथले मीटरचे दर उतरवले, जिथे तुंबतं तिथले चढवले, पैसे भरणं सोपं केलं, मर्यादा जास्त तासांच्या केल्या. मूल्यमापनात काय निघालं तर प्रयोगाच्या भागात मीटरची तिकिटं साधारण २३ टक्क्यांनी कमी झाली, सरासरी दर किंचित खाली आला आणि तरीसुद्धा पार्किंगचं निव्वळ उत्पन्न थोडं वाढलंच. म्हणजे दंडातून गेलेले पैसे शुल्कातून परत आले, आणि शुल्क देणारा माणूस चिडत नाही, अपील करत नाही, त्याला नोटीस पाठवावी लागत नाही.

आणि गस्त पूर्ण बंद केली तर? वेल्समध्ये अ‍ॅबेरिस्टविथ नावाचं समुद्रकाठचं छोटं शहर आहे. २०११ मध्ये पोलिसांनी तिथले ट्रॅफिक वॉर्डन काढून घेतले आणि कौन्सिलची स्वतःची यंत्रणा यायला साधारण वर्ष गेलं. सुरुवातीला लोक खुश, वर्ष संपेपर्यंत दुकानदार वैतागले, गाड्या दिवसभर तिथेच, माल उतरवायला जागा नाही, डबल पिवळ्या रेषांवर रांगा. मुळात पार्किंग मीटर जन्माला आला तोच या कारणाने. १६ जुलै १९३५ ला ओक्लाहोमा सिटीमध्ये पहिला मीटर बसला, तासाला पाच सेंट, कार्ल मॅगी नावाच्या संपादकाची कल्पना. पैसे मिळवायचे म्हणून नाही तर मध्य भागात नोकरी करणारे सकाळी गाडी लावून संध्याकाळीच काढायचे आणि गिऱ्हाइकाला जागाच मिळायची नाही म्हणून.

तेव्हा उत्पन्नाच्या बाजूला हे पण धरा, जागा किती वेळा हातबदल झाली, बस किती वेळ अडकली, अग्निशमनची गाडी वळू शकली का, व्हीलचेअरवाला माणूस फुटपाथवरून जाऊ शकला का. यातलं बरंचसं पैशात मांडता येत नाही हे मान्य, पण मांडता येत नाही म्हणून त्याची किंमत शून्य धरायची हा कुठला हिशेब? दृष्टिहीन माणूस फुटपाथवर लावलेल्या गाडीला वळसा घालायला रस्त्यात उतरतो तेव्हा ती जी जोखीम आहे ती कोणाच्याच ताळेबंदात नसते, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त चीड येते ती याचीच.

नफा झाला तरी शिव्या हा जो तुमचा मुद्दा आहे त्यावर इंग्लंडमध्ये कायद्यानेच बंधन घातलंय. तिथल्या रस्ते वाहतूक नियमनाच्या १९८४ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की पार्किंगच्या खात्यात उरलेले पैसे कशावर खर्च करता येतील, पार्किंगच्या सोयी, सार्वजनिक वाहतूक, रस्त्यांची कामं, पर्यावरण सुधारणा असं ठरलेलं आहे. २०१३ मध्ये लंडनच्या बार्नेट कौन्सिलने रहिवाशांच्या पार्किंग परमिटचे दर वाढवले तेव्हा हायकोर्टाने ते बेकायदा ठरवलं, कारण दर वाढवण्यामागे इतर वाहतूक खर्चासाठी जादा पैसे उभे करायचा हेतू होता आणि तो कायदा करवसुलीसाठी नाही. वसुली कुठे जाते ते दिसलं की लोकांचा राग निम्मा होतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पॅसडीनामध्ये १९९३ ला जुन्या बाजारभागात मीटर बसवले तेव्हा दुकानदारांचा विरोध होता, मीटरचे पैसे त्याच भागाच्या फुटपाथवर, दिव्यांवर, झाडांवर लावायचे ठरलं आणि विरोध मावळला. डोनाल्ड शूप हे पार्किंगचा अभ्यास करणारे प्राध्यापक आयुष्यभर हेच सांगत राहिले.


सडेतोड:

सगळं छान, पण दंड दुप्पट करा म्हणणाऱ्या गटाला कोणी उत्तर दिलं नाही म्हणून मी देते.

गॅरी बेकर हे अर्थशास्त्रज्ञ, १९९२ चे नोबेलवाले. त्यांनी नोबेलच्या भाषणातच सांगितलंय की एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला उशीर होत होता, गाडी पैसे देऊन लॉटमध्ये लावायची की रस्त्यावर बेकायदा लावून तिकिटाचा धोका पत्करायचा हे पटकन ठरवायचं होतं, त्यांनी धोका पत्करला आणि परीक्षेच्या खोलीपर्यंत चालता चालता गुन्हा आणि शिक्षेचं गणित डोक्यात सुरू झालं. पकडलं जाण्याची शक्यता गुणिले दंड. आता कागदावर दोन्ही सारखेच वाटतात, शक्यता दुप्पट करा नाहीतर दंड दुप्पट करा. दंड दुप्पट करायला एक ठराव लागतो, शक्यता दुप्पट करायला माणसं लागतात, म्हणून सगळे सभागृहवाले पहिल्याकडे धावतात.

व्यवहारात तसं होत नाही. दंड मोठा झाला की लगेच भरणारे कमी होतात, हरकती वाढतात, वकील परवडायला लागतो, थकबाकी वाढते. वर हिशेबनीसांनी जी तोट्यातली तिकिटं सांगितली ना, नेमकी तीच वाढतात. ८० चे १६० होत नाहीत, आकारलेले १६० होतात आणि वसूल किती होतात ते देवाला ठाऊक.

शक्यतेचं बळ बघायचं तर न्यूयॉर्कचे परदेशी मुत्सद्दी बघा. राजनैतिक संरक्षणामुळे त्यांच्याकडून दंड वसूल करता यायचा नाही. १९९७ ते २००२ या पाच वर्षांत दीड लाखाहून जास्त न भरलेली तिकिटं साठली, १८ दशलक्ष डॉलरच्या वर. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या दोघांनी त्यावर अभ्यास केला. २००२ च्या शेवटी शहराने थकबाकी असलेल्या गाड्यांच्या राजनैतिक नंबरप्लेट काढून घ्यायला सुरुवात केली आणि थकीत तिकिटं जवळजवळ ९८ टक्क्यांनी खाली आली. दंडाची रक्कम न वाढवता!

आणि त्याच शहरात दुसरं टोक, कुरिअर आणि मालवाहतूक कंपन्या. त्यांच्यासाठी तिकीट म्हणजे धंद्याचा रोजचा खर्च. शहराने त्यांच्याशी करारच केला, तुम्ही अपील करायचा हक्क सोडा, आम्ही दंड कमी लावतो. दोन्हीकडचा खर्च वाचतो हे खरं, पण मला हे पटत नाही, कारण मग तो दंड राहतच नाही, बसलेनमध्ये उभं राहायचं घाऊक भाडं होतं ते.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. न भरलेल्या दंडावर दंड चढवत गेलं की तो कोणावर चढतो? ज्याच्याकडे आहेत तो पहिल्याच आठवड्यात सवलतीत भरून मोकळा होतो. ज्याच्याकडे नाहीत त्याची रक्कम दुप्पट होते, गाडीला जॅमर लागतो, गाडी गेली की कामावर जाता येत नाही आणि कामावर नाही गेलं तर दंड भरणार कशातून. शिकागोत हे इतकं झालं की तिकिटांच्या थकबाकीपायी लोकांनी दिवाळखोरीचे अर्ज केले, पत्रकारांनी २०१८ मध्ये ते सविस्तर बाहेर काढलं, आणि पुढे २०२० मध्ये इलिनॉय राज्याने न भरलेल्या पार्किंग तिकिटांसाठी लायसन्स निलंबित करणं थांबवलं. अशा थकबाकीच्या मागे लागून शहराला मिळतं काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. हप्ते बांधून द्या, सुरुवातीची रक्कम झेपेल एवढी ठेवा, ते जास्त वसूल होतं आणि माणूसही उभा राहतो.


हिशेबनीस:

सडेतोड ताई, कुरिअर कंपन्यांच्या बाबतीत थोडा वेगळा विचार सांगतो. त्यांना माल उतरवायला कायदेशीर जागाच ठेवलेली नसेल तर ते करणार काय. आधी लोडिंगची जागा द्या, तिचं भाडं घ्या, मग दंड कडक करा. जागा न देता सवलतीचा करार करणं चूक, इथपर्यंत तुमच्याशी सहमत.

आता तिसरा गट, कंत्राटवाले. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. गस्तीचं काम कंत्राटावर देणं एक आणि पार्किंगचं उत्पन्नच विकणं दुसरं. पहिल्यात धोका आहे पण आटोक्यात ठेवता येतो, कंत्राटदाराला तिकिटामागे पैसे द्यायचे नाहीत, ठरलेल्या तासांच्या गस्तीचे द्यायचे आणि रद्द झालेल्या तिकिटांची कपात ठेवायची. तिकिटामागे दिलेत की कुंपणच शेत खायला लागतं.

दुसऱ्याचं उदाहरण परत शिकागोच. डिसेंबर २००८ मध्ये सुमारे ३६,००० मीटरची जागा ७५ वर्षांसाठी एका खाजगी गुंतवणूकदार गटाला दिली, १.१५ अब्ज डॉलर एकरकमी घेऊन. नगरसेवकांना कागद वाचायला काही दिवससुद्धा मिळाले नाहीत. पुढच्याच वर्षी शहराच्या इन्स्पेक्टर जनरलने (पोलिसातला नव्हे, शहराच्या कारभाराची तपासणी करणारा अधिकारी) अहवाल दिला की शहराला किमान ९७४ दशलक्ष डॉलर कमी मिळाले. मीटरचे दर झपाट्याने वाढले, आलेल्या रकमेतला मोठा भाग काही वर्षांतच बजेटची भोकं बुजवण्यात संपला. आणि सगळ्यात वाईट कलम असं की शहराने रस्ता दुरुस्तीसाठी, जत्रा-मिरवणुकीसाठी किंवा सायकल लेनसाठी मीटरची जागा ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त बंद ठेवली तर भरपाई शहराने द्यायची. स्वतःच्या रस्त्यावर फुटपाथ रुंद करायचा तर दुसऱ्याला पैसे मोजायचे, तेही पुढची कित्येक दशकं. तोटा दाखवणारं खातं कोणाला तरी देऊन मोकळं व्हावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा करार एकदा वाचावाच.


ताळेबंद_वाचक:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी आता स्पष्ट झाल्या, दंड आणि शुल्क एकाच पानावर आणून बघायचं, आणि वसूल झालेलाच आकडा धरायचा. एक राहिलं. टोइंगबद्दल कोणी लिहिलं नाही. क्रेनचा खर्च सगळ्यात जास्त दिसतो आणि त्यावरच सगळ्यात जास्त भांडणं होतात. क्रेन ठेवावी का?


गस्तवाला:

ठेवावी, पण कमी आणि नेमक्या कामाला. क्रेन नफ्यात आणायला जाल तर फसाल. क्रेन, ड्रायव्हर, हेल्पर, डिझेल, गाडीला ओरखडा आला तर भरपाई आणि विमा, पुढे यार्डची जागा, तिथला रात्रीचा पहारा. गाडी आणली आणि मालक तासाभरात आला तर खर्च निघतो. जुनी खटारा गाडी आणली तर मालक येतच नाही, कारण टोइंग अधिक दंड अधिक यार्डचं रोजचं भाडं गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतं, मग ती गाडी महिनोन्महिने जागा अडवून बसते, नोटिसा काढा, लिलाव करा, लिलावात भंगाराचे पैसे येतात. म्हणून यार्डचं भाडं मीटरसारखं रोज चढवत नेऊ नये, त्याला कुठेतरी कमाल मर्यादा असावी, नाहीतर आपणच गाडी न सोडवायचं कारण देतो.

आणि क्रेनवाल्याला गाडीमागे पैसे असतील तर तो काय उचलतो सांगू? हलकी, मोकळ्या रस्त्यावरची, हँडब्रेक न लावलेली गाडी. बससमोर तिरकी अडकलेली मोठी गाडी तो उचलत नाही, तिला वेळ लागतो, तेवढ्यात त्याच्या चार छोट्या होतात. जी गाडी उचलायला हवी ती तिथेच राहते.

आमच्याकडे एक वरिष्ठ होते त्यांनी नियम केला होता, क्रेन फक्त पाच कारणांना बाहेर पडेल, बसचा मार्ग, रुग्णवाहिका किंवा अग्निशमनची वाट, अपंगांची राखीव जागा, चौकाचा कोपरा, कोणाचं तरी गेट. बाकी सगळ्याला नुसतं तिकीट. पहिल्या वर्षी टोइंगचा महसूल पडला आणि वरून पत्र आलं. त्यांनी उत्तरात पैशांबद्दल एक शब्द लिहिला नाही, क्रेन सांगितल्यापासून पोचायला आधी सरासरी किती मिनिटं लागायची आणि आता किती लागतात ते दोन आकडे पाठवले. नंतर पत्र आलं नाही. तुम्ही बजेट वाचताना टोइंगच्या हेडखाली महसुलाऐवजी हेच विचारा, फोन आल्यापासून किती मिनिटांत गाडी हलली.


ताळेबंद_वाचक:

हा आकडा कुठल्याच बजेटमध्ये मी अजून पाहिलेला नाही. यावेळी हरकती-सूचनांच्या अर्जात लेखी मागतो, आणि जोडीला रद्द झालेल्या तिकिटांची रस्त्यानुसार यादीपण, म्हणजे कुठला बोर्ड झाडामागे आहे तेही कळेल. उत्तर आलं की इथेच टाकतो.